काना

पंचनाम्याला अक्षर चांगलं असलेलं माणूस हवं होतं.
हवालदाराचं पेन गळत होतं, म्हणून मला बोलावलं,
शाळेची बाई, एकोणीस वर्षं
याच चिऱ्याच्या भिंतीआड
काना, मात्रा, वेलांटी शिकवणारी.
जेटीवर खुर्ची मांडली. वारा होता,
कुणीतरी कागदावर शिशाचा गोळा ठेवला.
जाळ्याला लावायची शिशं रात्रीत वितळून
परत थिजली होती, अजून कोमट.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले.
सदर इसम याकूब मुकादम यांचे जाळी व दोरखंडाचे दुकान
जळलेले आढळले.
मी थांबले.
लिहा ना बाई, म्हणाला, सुकती लागली की होडी रुतते.

जळलेले.
एक काना राहिला.
उभी एक रेघ, पहिलीची पोरं दिवाळीआधी शिकतात.
ती असती तर कुणीतरी काडी ओढली असती.
नव्हती, म्हणून दुकान आपलं आपण जळलं,
जसं पान पिकतं, जसं पाणी उतरतं.

त्यानंतर गावाचं व्याकरणच तसं झालं.
'ते झालं तेव्हा' म्हणतात
आणि पुढच्या श्वासात बांगड्याचा भाव विचारतात.
होडीत मुकादमांकडची माणसं पुढच्या फळीवर,
आमच्याकडची मागे, इंजिनापाशी.
मधे कोंबड्या, गॅसची टाकी, टपालाची पिशवी.
पूर्वी आपली जत्रा म्हणत, आपला उरूस.
'आपण' हा शब्द कोणत्या फेरीला पाण्यात पडला
कुणी बघितलं नाही.
तांडेल धक्क्याला लागल्यावरही इंजिन बंद करत नाही.
बंद केलं तर ऐकू येईल.

मी पाहिलं होतं.
पडवीतून, दिवा मालवून. चौघं होते, एकाच्या हातात कॅन.
तोंडं बांधलेली, पण चाल बांधता येत नाही.
त्यातल्या एकाचा हात धरून मी काना काढून घेतला होता,
वरून खाली, रेघेला चिकटून, हात उचलू नको बाळा.
दर बुधवारी तो सौंदाळे आणून देतो. पैसे घेत नाही.
मी ठेवून घेते. खाते.
काटा अडकला तर भाताचा घास गिळते.
त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही.

आज तिसरीला श्रुतलेखन.
पाठातलंच वाक्य: चुलीत जळलेली लाकडे बाजूला काढली.
तेवीस वह्या.
मुकादमांच्या झैनबनं लिहिलंय, जाळलेली.
काना दोनदा गिरवलेला,
मागच्या पानावर बोटाला लागतो.

लाल पेन उघडलं.
चूक म्हणावं तर चुलीत लाकडं कुणीतरी जाळतंच.
बरोबर म्हणावं तर मी तसं सांगितलं नव्हतं.
तिला टेबलाशी बोलावलं.
कंपासपेटी हातातच होती तिच्या, आत शिशाचा तुकडा खुळखुळला.
मी काय म्हटलं होतं, झैनब?
जळलेली म्हटलात, बाई.
मग?
ती खिडकीबाहेर बघत होती.
सुकतीला तिथे जुन्या धक्क्याचा एक खुंट उघडा पडतो,
चिखलात सरळ उभा. भरतीला नसतो.
म्हणाली, ऐकायला नीट आलं नाही.

आठ वर्षांची.
इतकं नीट खोटं. कुठून शिकली विचारायची सोय नाही.
बस जागेवर, म्हटलं.

सव्वासहाची दापोलीची एसटी गेली.
वही समोरच आहे,
आणि पेनाचं टोपण कुठे ठेवलं
आठवत नाही.