दिव्याभोवती

काळ्या गाडीला काही लपवता येत नाही.
पांढरी लपवते, चंदेरी तर सगळंच पोटात घालते.
पण डॉक्टर बोर्ड्यांची काळी गाडी
दुपारी दोनला शेडबाहेर काढली
आणि बॉनेटवर सूर्य दिसला
कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला.

काल रात्री मीच मशीन फिरवलं होतं.
लोकरीचा पॅड, जाडी पेस्ट, घाई.
ट्यूबलाइटखाली आरसा झाला होता नुसता,
त्यात बघून मी भांगही पाडला.

"किती हायेत?"
गफूरमामा विचारतात, गाडीकडे न बघता.
मोजता येत नाहीत, मामा.
मी जिथं सरकतो तिथं त्यांचा मध्य सरकतो.
"मग बरोबर. तुझीच हायेत."

पुन्हा पहिल्यापासून.
जारचं पाणी, बोअरचं नाही;
बोअरचं वाळलं की पत्र्यावर
पांढरी नाणी उमटतात.
मग चिकणमातीची वडी, कणकेसारखी मळून,
साबणाच्या पाण्यावरून हलक्या हातानं.
सळईच्या कारखान्यांचा भुगा तिच्यात रुतत जातो,
आधी करडा, मग तांबूस.
जालन्यात गाडी नुसती उभी ठेवली
तरी रात्रीतून लोखंडावर लोखंड उगवतं.

आता मऊ फोम. वाटाण्याएवढे चार थेंब.
उभं, मग आडवं,
निम्मा पट्टा आधीच्या पट्ट्यावर.
"मशीनचं वजन पुरे हाय. तुझं टाकू नको."
वरचा चकाकता थर केसाहून पातळ.
ओरखडा कधी बुजत नाही, मामा सांगतात,
त्याच्या आजूबाजूचं सगळं
त्याच्याएवढं खाली आणावं लागतं.
म्हणून गाडीच्या जन्मात हे काम
चार-पाच वेळाच.
मी त्यातली एक वेळ काल वाया घालवली.

स्पिरिटनं पुसून घेतो.
तेल राहिलं की ओरखडे झोपतात
आणि पहिल्या धुण्याला उठून बसतात,
गिऱ्हाइकाच्या दारात.

संध्याकाळी बॅटरी लावून बघितलं.
काळं. विहिरीत डोकावल्यासारखं.
तळाशी बॅटरीचा एकच ठिपका.

मामांनी बॅटरी घेतली.
"अजून हायेत."
कुठं?
"हे काय, दिव्याभोवती. रंगीत."
मशीन घेतलं, तिथंच फिरवलं.
परत बॅटरी. परत मशीन. तिथंच.
मी हाताची मागची बाजू पत्र्याला लावली
आणि चटका बसून ओढली.
बोर्डाजवळ गेलो, पिन उपटली.
लाइट गेली, म्हणालो.

मशीनची घरघर खाली खाली येत थांबली.
मामांनी वर पाहिलं.
ट्यूब चालू होती.
बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले,
डोळे बारीक करून, मग एकच मिटून,
मग दुसरा.

काही बोलले नाहीत. मशीन माझ्या हातात दिलं,
वायर स्वतः गुंडाळली,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नेहमीसारखी.

डॉक्टर आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
दात दिसले तेवढे हसले, पैसे दिले.
दाराच्या हँडलमागं नखांचे ओरखडे होते,
ते आम्ही राहू दिलेत, हे सांगितलं.
राहू द्या, म्हणाले, बायकोचे आहेत.

शटर ओढायच्या आधी मामा रस्त्यावर थांबले.
औरंगाबादकडून ट्रकांची रांग येत होती,
चौकातला उंच दिवा नुकताच लागला होता.
"त्याला किती हायेत रे?"
मी नीट बघितलं. खरंच नीट बघितलं.
एकही नाही, मामा.
"मग बरोबर," ते म्हणाले. "माझीच हायेत."

कुलूप मी लावलं.
किल्ली खिशात टाकत ते म्हणाले,
"उद्या ती पांढरी यायलीय ना,
परतूरची.
ती मी करतो."