दुभती

बाबांनी गायी विकल्या त्या वर्षी मी अणुभट्टीत लागले.
छत्तीस गायी. त्यातली एक लंगडी, ती फुकट गेली.
बाबा म्हणाले, पहाटे चारला उठणारं
कुणीतरी घरात उरलं.

वाळूच्या टेकड्यांआड, उत्तर समुद्राच्या इतकं जवळ
की कुंपणाच्या जाळीवर मीठ चढतं,
तिथे एका हौदाच्या तळाशी आमची भट्टी.
भट्टी म्हणायचं; धग नाही, धूर नाही.
नऊ मीटर पाणी आणि त्याखाली मोरचुदासारखा उजेड.
पहिल्या आठवड्यात सगळे टक लावून बघतात,
दुसऱ्या आठवड्यात कुणीच नाही.

मग फक्त कान.
पंपाच्या आवाजावरून सीत्से सांगतो
कुठलं बेअरिंग कुरकुरतंय.
हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही.
मार्चमध्ये हिल्के निवृत्त झाली, मे महिन्यात तो जाईल.
जाहिरातीला तीन अर्ज आले.
त्यातल्या एकाला वाटलं होतं, आम्ही पवनचक्क्या लावतो.

माझं काम काचेपलीकडचं.
शिशाची काच, मीटरभर जाड, कोऱ्या चहासारखी पिवळट.
अलीकडे माझे हात, पलीकडे पोलादाचे,
माझ्याच मनगटांना बांधलेले, तरी परके.
सुरुवातीला एक झाकण फिरवायला अर्धा तास लागे.
सीत्से म्हणाला, आवळू नकोस गं. आचळ धरतात तसं धर.
मी गवळ्याची पोर, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

सहासष्ट तास, की निम्मं.
असा माल, की सिग्नलला ट्रक थांबला तरी गळतो.
साठवता येत नाही, सणासाठी झाकून ठेवता येत नाही.
रात्री निघालेला डबा दुसऱ्या कुठल्या देशात पोचतो
आणि तिथे दवाखान्याच्या तळघरात कुणीतरी
रोज सकाळी त्यातून थोडंथोडं काढून घेतं.
त्या डब्याला ते लोक गाय म्हणतात.
मी हे सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत.
विचारलं, भाकड कधी होते?
आठवड्या-दोन आठवड्यांत.
मग वासराचं काही बघावं लागत नसेल, म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांच्या हाडांचा फोटो काढला.
उन्हाळाभर पाठ दुखत होती,
उन्हाळाभर आम्ही म्हणत होतो, गायींची सवय सुटली म्हणून.
सुई टोचणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, हे कुठल्या गोठ्यातलं?
तिला कळलं नाही. मी भिंतीकडे बघितलं.
ती बॅच माझी नसेल. असेलही. डब्यावर नाव नसतं.
पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी बाबा उमटले,
कवटी, फासळ्या,
आणि कमरेशी एक जागा, जरा जास्तच उजळ.
डॉक्टर गुरुवारी बोलणार होते.

रात्रपाळीला मला सोडायला तेच आले, ऐकेनात.
फाटकात गाडी शिरली आणि खांबावरचा भोंगा कोकलला.
इतक्या वर्षांत तो माझ्यामुळे कधी वाजला नव्हता.
वोब्बे हातातलं यंत्र घेऊन पावसात धावत आला,
माझ्यावरून फिरवलं. काही नाही.
बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.
"तुमचाच माल," ते म्हणाले. "परत करायला आलोय."

आत सीत्सेनं वही पुढे सरकवली, म्हणाला, ऐक.
मी पंप ऐकत उभी राहिले. मनात मापं चालली होती.
सकाळी दहाला सुई.
चारला अच्छेर. रात्री दहाला पावशेर.
आणि पहाटे चारला,
त्यांच्या उठायच्या वेळी,
नवटाक.