चाती

आधी उजवा हात, मग डावा,
कपाटाच्या काचेतल्या काळ्या रबरी मोज्यांत
कोपरापर्यंत.
पलीकडे प्राणवायू नाही.
ज्यानं आपण जगतो त्यानं हे मरतात,
म्हणून रोज सकाळी नऊला
माझा श्वास अलीकडे ठेवून
मी त्यांना जेवू घालते.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात तेव्हा
मध्ये जराशा फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या.
लॅटिन नावात अर्थ आहे: चाती.
सूत कातायची चाती.
आणि हे डंडी. इथे एके काळी
तागाच्या गिरण्यांतून चात्याच चात्या फिरायच्या.
आमच्या मोरागची आजी त्याच धुळीत वाढली,
चौदाव्या वर्षी कामाला, तिशीत कान गेले.
त्या गोंगाटात बायका
एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या.
मोराग सांगते, आजीपासून काही लपवायचं
तर तोंडच फिरवावं लागे.

ही चातीही तोंडातलीच.
हिरड्यांच्या फटीत राहते, माझ्या, तुमच्या,
तिथे तिचं फारसं काही म्हणणं नसतं.
मग कधी तरी, घासाबरोबर की रक्तातून कोण जाणे,
खाली उतरते
आणि आतड्यातल्या गाठीत सापडते, बिऱ्हाड मांडून.
तिनं गाठ आणली,
की गाठ पाहून ती वस्तीला आली?
चोर सोडून संन्याशाला सुळी नको,
असं मी आमच्या साहेबांना भाषांतर करून सांगितलं.
ते हसले नाहीत.
वहीत लिहून घेतलं.

नळ्यांवर नाव नसतं.
क्रमांक, वय, बाजू.
गेल्या मंगळवारी: पुरुष, चव्वेचाळीस, डावी.

घरी न्हाणीघरात, ब्लीचच्या बाटलीमागे
मार्चपासून एक पाकीट पडून आहे
विश्रामच्या नावाचं.
पन्नाशी ओलांडल्याची सरकारी पावती, म्हणतो तो.
आत एवढीशी कांडी. काडीला जरासं लावायचं,
टोपण लावायचं, तारीख घालायची, पोस्टात टाकायचं.
साऱ्या स्कॉटलंडची पाकिटं
आमच्याच गावात येतात तपासायला.
तो म्हणतो, पोस्टमनला काय वाटेल.
तो म्हणतो, बघू.
तो म्हणतो, मला काय धाड भरलीय.
आणि मी, दिवसभर परक्यांची आतडी हाताळणारी,
जेवताना विषय काढत नाही.

आमच्या भाषेत सख्ख्याला आतड्याचं माणूस म्हणतात.
आमच्या भाषेत सगळं पोटात घालायचं असतं,
माया, अपमान, दुसऱ्याचे अपराध.
घातलेल्याचं पुढे आत काय होतं
हे मला माहेरी कुणी सांगितलं नाही,
सासरी तर नाहीच.

त्याचे वडील मूळव्याधीनं गेले.
म्हणजे दोन वर्षं सगळे मूळव्याधच म्हणत होते.
उष्णता आहे, ताक प्या.
ते प्यायले.
मी ताकाला नावं ठेवत नाही.
कुणी तरी एकदा बघायला हवं होतं, इतकंच.

काल रात्री टे नदीवरून वारा,
टीव्हीवर फुटबॉल, आवाज मोठा.
मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले
आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं.
एकच वाक्य.
त्यानं तोंड फिरवलं नाही.
आवाज बंद करून म्हणाला, काय?
काही नाही, म्हटलं, कळलंय तुला.

आज सकाळी ब्लीचची बाटली
वीतभर पुढे सरकलेली होती.
मागे वाकून बघितलं नाही.
बस चुकली असती.

नऊ वाजता हात घातले मोज्यांत.
आज डावा आधी.