ऊटा आतेन्री?

वाचनालयाचं पुस्तक. काय खावं, का खाऊ नये, याचं.
शहापुरात लाइट गेलेली,
मोबाइलच्या उजेडात पान ब्याऐंशी.
समासात कुणाची तरी पेन्सिल:
'मग माणसानं खायाचं तरी काय?'
त्याखाली दुसऱ्या हातानं, शाईत:
'थोडं कमी.'

हसले मी.
मग आठवला मच्छ्यातला मल्लव्वाचा गोठा.
पेंढा भरलेलं रेडकू,
काठ्यांचे चार पाय, एक जरा आखूड.
म्हैस त्याला चाटत राहते
आणि पान्हा सोडते.

तेच दूध कढईत तासन्‌तास आटतं,
तांबूस होतं, रवाळ होतं.
माझ्या साखरपुड्याला पाच किलो कुंदा वाटला होता,
कुणी नाही म्हणालं नाही.

मल्लव्वाला वाचता येत नाही.
धार काढायच्या आधी ती रोज
त्या कातड्यावर मीठ चोळते.
का, विचारलं तर म्हणाली,
'चाटायला तरी कायतरी खरं असू दे की तिला.'

हे पुस्तकात कुठंच नाही. शेवटपर्यंत बघितलं.

भिंतीपलीकडून गंगव्वा हाक मारते:
ऊटा आतेन्री?
आतु, म्हणते मी.

ताट अजून झाकलेलंच.
फळीवर कुंद्याचा डबा, पाव किलो,
पुस्तक सोमवारी परत द्यायचंय.