पानपाळी

बिरकत-अल-मौज. खल्फानच्या मजलिशीत
गालिच्यावर दोन लॅपटॉप, खजुरांचं ताट,
आणि भिंतीला चिकटवलेला एसीच्या खोक्याचा पुठ्ठा.
झुवैनाने त्यावर काळ्या मार्करने लिहिलं: विकी.
खाली काही नाही.
तासभर काही नाही.

प्रोग्रॅम आमचा एवढासा.
फलजच्या पाण्याच्या पाळ्या लावतो:
कोणाचा वाटा किती, कोणी कोणाकडून अर्धा तास उसना घेतला,
उद्या पहाटे कोणाच्या खजुरींचा नंबर.
पूर्वी हे रात्री ताऱ्यांवर ठरायचं,
दिवसा एका काठीच्या सावलीवर.
आता सतरा गावं वापरतात.
सतराही गावं अडलं की बिजोयला फोन करतात.

बिजोयचा करार मार्चमध्ये संपतोय.
म्हणून हा पुठ्ठा.

मिनार म्हणाला, आधी इन्स्टॉल कसं करायचं ते.
रोवेना म्हणाली, आधी चुका. चुकल्याशिवाय कोण वाचतं?
झुवैना म्हणाली, अरबी उजवीकडून येणार, बाकीचे डावीकडून,
मधे कोडची ओळ उलटी पडते, कंस पाठ फिरवून बसतात,
त्याचं काय?
मी म्हटलं, लिहिणार कोण, पुसणार कोण,
ते आधी ठरवा.
आणि मग जे व्हायचं तेच झालं.
कहवा गार झाला.

खल्फान उठला. म्हणाला, चपला घाला.

गावाच्या वरच्या अंगाला
पाणी जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतं
तिथे त्याने आम्हाला उभं केलं.
इथे कोणाचा वाटा नाही, म्हणाला.
वाटसरू पितो, पोरं पितात, नाव विचारत नाहीत.
मग मशीद. मग धुणी.
वाटे त्याच्या खाली सुरू होतात.
एका चारीच्या तोंडाशी दगड होता, त्याला चिंधी गुंडाळलेली.
एवढंच कुलूप?
एवढंच. कोणीही उचलू शकतं.
कोणी उचलला, ते मात्र सगळ्यांना कळतं.

मी पाण्यात हात घातला.
कोमट होतं.
पांझरेच्या फडावर आबा पाटकरी होते.
गाळ काढायच्या दिवशी घरटी एक माणूस,
ज्याच्या घरी माणूस नाही त्याचा डबा तरी यायचा.
कुठली चारी कुठे झिरपते, कुठल्या वळणावर
पाणी रुसतं, हे आबांच्या डोक्यात होतं.
डोक्यासकट गेलं.
त्या वर्षी खालच्या फडाला
पाणी तीन दिवस उशिरा पोचलं
आणि का, ते कोणालाच सांगता येईना.

हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.
परत आल्यावर मार्कर उचलला, एवढंच.

पहिलं पान: लॉगिन नको.
त्याखाली चुका, रोवेनाच्या म्हणण्याप्रमाणे,
माणसाला पडतात तशा शब्दांत.
मग इन्स्टॉल. मिनार तोंड वाकडं करून हो म्हणाला.
पुसायचं कोणीही, पण नाव मागे राहील.
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गाळ.
कंसांचं काय ते ठरलं नाही.
झुवैनाने तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं,
तेही उलटं, अरबी.

बिजोय इतका वेळ गप्प होता.
पायावर लॅपटॉप घेऊन त्याने एक पान उघडलं
आणि वर लिहिलं: मला अजून न कळलेलं.
उन्हाळ्यात इम्तीला पाळी अकरा मिनिटं पुढे सरकते.
का, माहीत नाही.
सालिम बिन हुवैशिल यांना विचारा.
त्यांना ऐकू कमी येतं. जवळ बसा.

मिनारने त्यातलं एक स्पेलिंग सुधारलं.

तेवढ्यात बिजोयचा फोन वाजला.
इझकीच्या पलीकडचं कुठलंसं गाव.
त्याने बघितलं, आणि गालिच्यावरून
फोन हळूच माझ्याकडे सरकवला.
मी सलाम केला. पलीकडे माणूस घाईत,
मागे इंजिनाचा आवाज, कोणीतरी ओरडतंय.
म्हटलं, चाचा, जरा थांबा.
लिहून घेते.