इतिवृत्त

स्विंडनच्या चर्चमागचा हॉल, ताशी चौदा पौंडांनी घेतलेला.
भिंतीवरचा हीटर नाणं गिळल्यासारखा खोकतो.
दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या टेबलावर, डब्यासकट.
मऊ पडल्यात,
तरी बोलण्याआधी प्रत्येकजण एक उचलतो.

मी चिटणीस. माझ्यापुढे मंडळाची वही
आणि ऋजुता पाथरेचं पत्र, छापून आणलेलं.
रांग एफ, खुर्ची चौदा.
‘अठरा पौंड परत नकोत,’ तिनं लिहिलंय,
‘पुढच्या वेळी तो माणूस दारात नको.
आणि माझा नंबर त्याच्याकडे कसा,
एवढं कळवा.’

तो माणूस म्हणजे हेरंब.
पिवळं जाकीट घालून दारात उभा असतो,
येणाऱ्यांच्या मनगटाला कागदी पट्टी बांधतो.
तिची बांधून झाली, तरी मनगट सुटलं नाही.
मग जागा दाखवायला अंधारातून बरोबर गेला,
पाठीवरचा हात कमरेवर,
कमरेवरचा

इथे तिनं वाक्य सोडलंय.
रात्री पावणेबाराला मेसेज:
निळा रंग तुम्हाला खुलतो.

वसेकरकाका चष्मा पुसतात.
‘सोळा वर्षं खुर्च्या उचलतोय तो.
ढोलकीवाल्यांना हीथ्रोवरून कोण आणतं?
मुलगी नवीन आहे. एकटी राहते.
गर्दीत होतं असं.’
मग माझ्याकडे वळून, मायेनं:
‘लिहा. प्रवेशाच्या वेळी
सदर प्रेक्षक भगिनीस चुकून हात लागला.
समिती दिलगीर आहे.’

लागला.
केवढी सोयीची आपली भाषा.
ठेच लागते, ऊन लागतं, उचकी लागते,
दूध तळाला लागतं,
कुणीच काही केलेलं नसतं.
वाऱ्यानं दार लागतं, तसा हात लागतो.
त्या हाताला खांदा नसतो, वर चेहरा नसतो.

ग काढून तिथे व ठेवायचा.
लावला.
लगेच विचारावं लागतं, कुणी?

पेन थांबलं,
कारण ते अक्षर माझ्याही अंगाशी येत होतं.
नंबरांची यादी मीच दिली होती त्याला,
मार्करनं रेघा ओढून,
‘पार्किंगसाठी लागेल तुला,’ म्हणत.
आणि गेल्या गणपतीत
माझीही पट्टी त्यानंच बांधली होती.
मी हसत हसत हात सोडवून घेतला,
आणि घरी येऊन जरा जास्तच वेळ
नळाखाली धरला.
वहीत त्याची नोंद नाही.

लिहिलं:
‘हेरंब ताम्हाणे यांनी हात लावला.
यादी चिटणिसांनी दिली होती.’
रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचलं.
काका म्हणाले, शब्द बदला.
म्हटलं, बदललाय.
बिपिन रणदिवे, खजिनदार,
शिल्लक सांगण्यापलीकडे कधी तोंड न उघडणारे,
त्यांनी वही ओढून घेतली, दोनदा वाचली,
सही केली, तारीख घालायला विसरले.
काका निघून गेले. डबा तसाच राहिला.

ऋजुताला त्याच रात्री फोन केला.
यादीचं सांगत होते तेव्हा
तिच्या वॉर्डात कसली तरी घंटी वाजत होती.
‘बरं,’ म्हणाली. एवढंच.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला
हेरंबच्या घरचं कुणी नव्हतं.
खुर्च्या आम्ही उचलल्या, दोघांच्या पाठी धरल्या.
पट्ट्या टोपलीत, ज्यानं त्यानं बांधून घ्याव्यात.
एका हातानं जमत नाही ते.
कुणी टोक दातांत धरतंय,
कुणाचा डिंक केसांना चिकटतोय.
एका काकूंनी वैतागून मनगट पुढे केलं.
‘बांधू?’ मी विचारलं.
‘अगं, मग काय पूजा करणारेस?’

एफ चौदावर कुणाचा तरी जाड कोट पडला होता.
कुणाचा म्हणून विचारलं,
तर मागून आवाज आला,
‘रिकामीच होती ना?’