खापर

तेरच्या पांढरीत कुठंही टाच रुतवा,
खापर लागतं.
काळं, तांबडं, कधी आरशासारखं चकाकणारं;
कुणाच्या दह्याचं, कुणाच्या दिव्याचं, कोण सांगणार.
दोन हजार वर्षांमागं एक यवन खलाशी
या गावाचं नाव आपल्या जिभेवर वाकवून
समुद्रापार घेऊन गेला म्हणतात.
तेवढीच आमची त्यांची सोयरीक.

मी अकरावीला राज्यशास्त्र शिकवतो.
पटावर अठ्ठेचाळीस, बाकांवर एकतीस.
फळ्यावर लिहिलं: अथेन्स.
म्हटलं, तिथं वर्षातून एकदा गाव स्वतःला विचारायचा,
आपल्यात कुणी फार मोठं झालंय का?
इतकं, की उद्या आपल्यालाच जड जाईल?
मग चौकात यायचं, खापरावर नाव कोरायचं.
ज्याची खापरं जास्त, त्यानं दहा वर्षं वेशीबाहेर.
घर त्याचंच, शेत त्याचंच, अब्रूही त्याचीच.
फक्त सावली आखूड करायची.

"सर, चेअरमनला बी घालवता येतंय का?"
हरिदास लोमटेनं विचारलं,
आणि सगळ्यात मोठ्यानं हसला
तिसऱ्या बाकावरचा चेअरमनचा पुतण्या.

मी पुढं गेलो.
पदं चिठ्ठ्या टाकून वाटायचे.
कातडं कमावणारासुद्धा एका दिवसापुरता
तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावायचा.
कोर्टात दोन्ही बाजूंना सारखं पाणी:
मडक्यातून धार गळेपर्यंत बोलायचं,
मडकं रितं झालं की गप्प.
(इथं मुलं एकमेकांकडं बघू लागली.
टँकरच्या गावात
बोलण्यासाठी पाणी सांडणारे लोक!)

मग नागरिक किती, ते सांगितलं.
बायका सोडून. गुलाम सोडून.
बाहेरून येऊन राहिलेले सोडून.
रुबीना शेख वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी करत होती,
हातचा घेतला
आणि तिथंच थांबली.

शनिवारी टेकाडाच्या ओघळीतून
सगळ्यांनी एकेक खापर वेचून आणलं.
कर्कटकाच्या टोकानं कोरा म्हटलं, एक नाव,
आपल्यात भारी झालेलं.
मला वाटलं होतं चेअरमन येईल,
होस्टेलचा रेक्टर येईल.
टेबलावर खापरांचा ढीग पडला, मी मोजायला बसलो.

वकील. वकील. वकील.
वकील काळे. वकिल्या. पुन्हा वकील.

एकतीसात सव्वीस.

तेरणेपलीकडच्या पालांवरचा पोरगा.
बापानं कौतुकानं नाव ठेवलेलं,
घरात कुणीतरी कोर्टात आपल्या बाजूनं उभं राहावं म्हणून.
जुलैत येत होता. मग कुणाचा तरी मोबाईल हरवला.
मोबाईल दोन दिवसांनी सायकलच्या पिशवीत सापडला,
पण तोवर मी त्याला
दाराजवळच्या बाकावर बसायला सांगून झालं होतं.
दाराजवळून बाहेर जायला
किती वेळ लागतो?
त्याला कुणी मडकंभर पाणी दिलं नाही.
मी विचारलंही नाही, तुला काही बोलायचंय का.

उरलेल्या पाचांत तीन कोरी,
एकावर चेअरमन, अगदी बारीक, पुसल्यासारखं.
आणि एकावर "सर".
अक्षर ओळखीचं होतं, हातच्यापाशी थांबणारं.
ते मी मोजणीत धरलं नाही.
खिशात टाकलं.

आमच्यात म्हणतातच,
डोक्यावर खापर फोडणे.
यवनांना एवढा सोपा वाक्प्रचार सुचला नसेल.
त्यांनी निदान उंच डोकी शोधली.

संध्याकाळी तीस खापरं पिशवीत भरून
टेकाडावर गेलो, जिथली तिथं ओतली.
मातीला काय, आणखी तीस.
कुणीतरी खणेल पुन्हा कधीतरी,
ब्रशनं धूळ झाडेल, अक्षरं लावेल,
वकील, वकील, वकील,
आणि आपल्या माणसांना हाक मारून म्हणेल,
केवढा मोठा माणूस असेल हा.
अख्ख्या गावाला
याची किती भीती.